बुलडोझरचं किट आणि चेनमधला एक मिलिमीटर

बसमध्ये बसल्यावर ज्यांच्या लक्षात येतं की हेडफोन घरी राहिला, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी इथे घातल्यात, आणि मी जिथे जिथे "म्हणजे कसंय" म्हणालो होतो ते सगळं काढून टाकलंय. वाचायला तेवढंच कमी.

विषय आहे बुलडोझरचं स्केल मॉडेल किट. डब्यात सुटे भाग येतात, आपण कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पण आधी बुलडोझर म्हणजे नक्की काय ते ठरवू, कारण आपल्याकडे रस्त्यावर पिवळं काही दिसलं की त्याला जेसीबी म्हणतात. जेसीबी हे मूळ इंग्लंडच्या कंपनीचं नाव. पुढे बकेट, मागे सोंड आणि खाली चार टायर, अशा मशीनला ते कायमचं चिकटलं. चेनवर फिरणारं लांब हाताचं खोदायचं मशीन म्हणजे पोकलेन. तेसुद्धा एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून आलंय. डोझर या दोघांपेक्षा वेगळा. त्याला सोंड नाही, हात नाही. पुढे लोखंडी पातं, खाली दोन चेन, आणि काम एकच : ढकलणं. बातम्यांत घरं पाडताना 'बुलडोझर' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा जेसीबी नाहीतर पोकलेन असतं. हे एकदा कळलं की बातम्या बघताना जरा त्रास होतो, सांगून ठेवतो.

माझं किट युक्रेनच्या मिनीआर्ट कंपनीचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं वापरलेला कॅटरपिलर डी-७, स्केल १:३५.

स्केल हा शब्द अवघड वाटत असेल तर दिवाळीतला किल्ला आठवा. साताऱ्यात वाढलेल्या प्रत्येकानं अंगणात अजिंक्यतारा केलेला असतोच. दगड, पोतं, चिखल, वर अळीव पेरलेलं. पण त्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि शेजारची गाय बुरुजाएवढी. तिथे ते चालतं, किंबहुना त्यातच मजा असते. स्केल मॉडेलमध्ये तेवढं चालत नाही, बाकी तोच खेळ. १:३५ म्हणजे खऱ्या मशीनवरचे ३५ मिलिमीटर आपल्या टेबलावर १ मिलिमीटर. पावणेदोन मीटरचा माणूस ५ सेंटिमीटरचा होतो. पात्यासकट पाच मीटरच्या आसपास असलेला डोझर १४ सेंटिमीटरचा, वीतभरसुद्धा नाही. हे '३५ ला १' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता, हे किट अवघड का? भाग बारीक आहेत, शेकड्यांनी आहेत, पातळ पितळी पत्र्याचे तुकडे वाकवायचे आहेत, हे सगळं खरं. पण रणगाड्याच्या किटमध्येही तेवढेच भाग असतात. फरक असा की रणगाडा म्हणजे झाकलेली पेटी. आत काय गडबड झाली ते कोणाला दिसत नाही. डोझरला लपवायला जागाच नाही. इंजिन उघडं, लिव्हर उघडे, रेडिएटर समोर, सीट उघड्यावर. आणि चेन तर चारही बाजूंनी दिसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पहिलं किट म्हणून डोझर घेऊ नका. एखादी जीप करा, मग या.

चेनबद्दल मात्र सविस्तर बोलतो, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

खऱ्या चेनमध्ये साखळीचे दुवे असतात, ते पिन आणि बुशनं जोडलेले असतात, आणि प्रत्येक जोडीवर बोल्टनं बसवलेली एक जाड प्लेट असते. प्लेटला आडवी धार असते, ती जमिनीत रुतते म्हणून पकड मिळते. मागचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट, ते चेन ओढतं. पुढचं बिनदातेरी मोठं चाक म्हणजे आयडलर. खाली रांगेनं छोटे रोलर, आणि खरं वजन त्यांच्यावर. म्हणजे बघा, डोझर एका अर्थानं रेल्वे आहे. फक्त तो स्वतःचा रूळ स्वतःच पुढे टाकतो, त्यावरून जातो आणि मागून उचलून घेतो.

हे कशासाठी? तर मऊ जमिनीसाठी. कॅलिफोर्नियात स्टॉक्टन गावाजवळ नदीच्या मऊ मातीत वाफेवरचे अवजड ट्रॅक्टर रुतायचे. बेंजामिन होल्ट नावाच्या कारखानदारानं १९०४ साली चाकं काढून तिथे फिरता पट्टा बसवला. ते चालताना बघून कोणीतरी म्हणालं, हे तर सुरवंटासारखं सरपटतंय. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. नाव तिथून पडलं, आणि त्या नावाची कंपनी १९२५ मध्ये झाली. पुढचं पातं वेगळ्या लोकांचं डोकं. १९२३ मध्ये कॅन्सस राज्यात जेम्स कमिंग्ज हा शेतकरी आणि अर्ल मॅकलाऊड हा ड्राफ्ट्समन, या दोघांनी ट्रॅक्टरला पातं जोडलं.

हिशोब करून बघू. डी-७ चं नुसतं ट्रॅक्टर सुमारे ११ टनांचं. दोन्ही चेन मिळून जमिनीला टेकलेला भाग दोन चौरस मीटरहून थोडा जास्त. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण अर्धा किलो. आता तुम्ही एका पायावर उभे राहा. साठ किलो वजन, तळव्याचा टेकलेला भाग धरा दीडशे चौरस सेंटिमीटर. झाले चारशे ग्रॅम. म्हणजे अकरा टनांचं ते धूड जमिनीला जवळजवळ तुमच्या पावलाएवढंच दाबतं! म्हणून मातीच्या धरणावर डोझर माती दाबायला नसतो, पसरायला असतो. टिपर ढीग टाकून जातात, डोझर त्याचा पातळ थर करतो, पाणी मारतात, आणि मग दाबायला खुरासारख्या ठोकळ्यांचा रोलर येतो. वाईजवळचं धोम धरण, ज्यात साडेतेरा टीएमसी पाणी मावतं, त्याचा मोठा भाग असाच थरांवर थर देऊन झालेला मातीचा बांध आहे.

ही माहिती मला पुस्तकातून नाही, नानांकडून मिळाली. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील. पाटबंधाऱ्याच्या कामांवर आधी हेल्पर, मग डोझर ऑपरेटर. आता ऐंशीच्या घरात आहेत, साताऱ्याला असतात. मी सांगलीत. (सांगली आणि सातारा १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता, मग दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. नानांच्या दृष्टीनं मी अजून त्यांच्याच जिल्ह्यात राहतो.) आयुष्यभर मशीनच्या आवाजात बसल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. फोनवर बोलणं जवळजवळ बंद झालंय. घरात सगळे त्यांना जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच मोठ्यानं विचारतात. हे किट घेण्याचं खरं कारण ते. मला त्यांच्याशी बोलायला काहीतरी हवं होतं, जे हातात धरून दाखवता येईल.

म्हणून चेन चिकटवण्याआधी सगळे दुवे एका डब्यात भरून मी साताऱ्याला गेलो. एका बाजूला तीन डझनांच्या आसपास प्लेटा असतात, प्रत्येक प्लेट फ्रेमला चार ठिकाणी चिकटलेली धरा. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून जवळपास तीनशे कापण्या आणि तीनशे घासण्या. ते काम मी सांगलीत उरकलं होतं. जाताना कटरबरोबर सोनारी कानस आणि बारीक चिमटा घेतला. याबाबतीत आपण नशीबवान आहोत. पुण्या-मुंबईचे मॉडेल करणारे परदेशी हत्यारं मागवतात. आपल्याकडे सराफ कट्ट्याच्या आसपास सोनारकामाच्या हत्यारांचं दुकान गाठलं की कानस, चिमटे, हातानं फिरवायचं बारीक ड्रिल सगळं मिळतं. पितळी पत्रा वाकवणं हे सोनारकामच आहे.

नानांनी चष्मा पुसला, चाकांवरून नुसती गुंडाळून ठेवलेली चेन बघितली आणि पहिलं वाक्य बोलले, "आरं, एवढी ताठ आसती व्हय? तुटंल की."

मी मोठ्यानं विचारलं, "मग किती सैल ठेवायची?"

"वरच्या अंगाला झोळ पायजे. दोन बोटं."

दोन बोटं म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर. ३५ ला १! आपल्या टेबलावर बरोबर एक मिलिमीटर. आयडलर आणि वरचा आधाराचा रोलर, यांच्यामध्ये चेन एक मिलिमीटर खाली झुकलेली दिसली पाहिजे. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. त्यात फक्त बाण असतो.

त्या दोन बोटांमागचं कारण असं. चेन ताठ असेल तर प्रत्येक बुश स्प्रॉकेटच्या दाताला जास्त घासतो. दात झिजून टोकदार होतात, इंजिनाची ताकद स्वतःलाच ओढण्यात जाते. चेन फार सैल असेल तर वळताना ती आयडलरवरून उतरते, आणि चिखलात उतरलेली चेन परत चढवणं म्हणजे पूर्ण दिवस गेला. नाना म्हणाले की चिखलात चेन अजून थोडी सैल ठेवायची, कारण माती स्प्रॉकेटमध्ये भरते आणि चेन आपोआप ताठ होते. आणि मशीन मागं कमी पळवायचं, रिव्हर्समध्ये झीज जास्त. डोझरच्या देखभालीत सगळ्यात महाग काय, असं कुठल्याही मेकॅनिकला विचारा. चेन, रोलर, स्प्रॉकेट, हेच उत्तर येईल. तासभर नाना बोलत होते. मला आठवतं तेव्हापासून एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

मॉडेलमध्ये हा झोळ आणायचा कसा? सगळे दुवे एका सरळ पट्टीला टेकवून ओळीत मांडायचे. प्लास्टिक वितळवून जोडणारं हळू वाळणारं सिमेंट मागच्या बाजूनं ब्रशनं लावायचं. अर्ध्या तासानं सांधे धरलेले असतात पण अजून मऊ असतात. तेव्हा ती अख्खी पट्टी उचलून चाकांवर गुंडाळायची, आणि वरच्या बाजूला कापसाचा छोटा बोळा ठेवून हलकं दाबून ठेवायचं. रात्रभर हात लावायचा नाही. फेविक्विक इथे अजिबात नको, ते क्षणात कडक होतं आणि मग वळत नाही. चाकं फ्रेमला कायमची चिकटवायचीसुद्धा नाहीत, कारण रंगवताना चेन वेगळी काढावी लागते.

बाकीचं किट मी भराभर सांगतो. स्टीअरिंगचं चाक नसतं. दोन लिव्हर असतात. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद सुटते आणि मशीन डावीकडे वळतं. अजून वळायचं तर त्या बाजूचा ब्रेक. डिझेल इंजिनशेजारी एक छोटं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन दिसेल, त्याला जादा भाग समजून टाकून देऊ नका. मोठं इंजिन सुरू करायला ते छोटं आधी सुरू करावं लागायचं. नानांच्या सुरुवातीच्या काळात ते सुरू करणं हे हेल्परचं काम, थंडीत सकाळी हात गारठलेले असताना.

आणि पातं. आताच्या डोझरवर पातं हायड्रॉलिकवर चालतं, त्यामुळे ते जमिनीत दाबता येतं. जुन्या मशीनवर ते वायर रोपनं उचलायचे, खाली यायचं ते स्वतःच्या वजनानं. मॉडेलवरचा रोप मी बारीक तांब्याच्या तारा पिळून केला. सरळ दांडे आणि लिव्हर मात्र सतारीच्या तारेचे आहेत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेली ०.३ मिलिमीटरची पोलादी तार आपल्या स्केलमध्ये साधारण एक सेंटिमीटर जाडीचा गज होते, आणि वाकत नाही. प्लास्टिकचा दांडा तेवढा बारीक निघूच शकत नाही.

रंग. युद्धातलं मशीन म्हणजे लष्करी हिरवं, तसं किटच्या डब्यावर असतं. पण मला युद्ध करायचं नव्हतं. युद्ध संपल्यावर काय झालं ते जास्त रंजक आहे. आसाममधल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता १९४२ ते १९४५ मध्ये अशाच डोझरांनी डोंगर कापून केला. युद्धानंतर अमेरिकन सैन्याची बरीच यंत्रं भारतातच राहिली. त्या जुन्या ट्रॅक्टरांवर केंद्र सरकारनं गवतानं माजलेल्या पडीक जमिनी मोडायचं काम सुरू केलं, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला याच कामाच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. आपल्या देशात डोझर बनू लागले ते १९६४ मध्ये बीईएमएल स्थापन झाल्यानंतर. त्याच वर्षी कोयनेचं धरणही पुरं झालं. म्हणजे त्याआधी इथे जे डोझर चालले ते बाहेरचेच. म्हणून माझं मशीन असं : खाली लोखंड, त्यावर जुना लष्करी हिरवा, आणि त्यावर नंतर कोणीतरी मारलेला पिवळा.

हे तीन थर दाखवायला स्वयंपाकघरातलं मीठ लागतं. हिरवा रंग पूर्ण वाळला की जिथे पिवळा उडालेला दाखवायचाय तिथे पाण्याचा हात फिरवून मिठाचे खडे टाकायचे. वाळू द्यायचे. वरून पिवळा फवारायचा, आणि तो वाळल्यावर ओल्या ब्रशनं मीठ घासून काढायचं. पिवळा कुठे उडवायचा हे नानांनी बोटानं दाखवलं : चढताना जिथे पाय पडतो तिथे, लिव्हरच्या मुठींवर, आणि सीटच्या उजव्या बाजूला, कारण ऑपरेटर मागं वळून बघताना तिथे टेकतो. पात्याच्या खालच्या धारेला रंग कधीच टिकत नाही. ती गंजलेली पण नसते, आरशासारखी चकाकते. गंज फक्त उभ्या मशीनला.

पिवळा हा रंग फसवा आहे. तो खालचं झाकत नाही, चार हात मारले तरी खालचा हिरवा डोकावतो. पिवळ्याच्या आधी एक पातळ गुलाबी हात द्या, मग बघा कसा उबदार बसतो. एका श्रोत्यानं सुचवलं होतं की सांगलीत राहतोस तर हळदच वाप. कल्पना छान आहे, पण हळद उन्हात उडते मित्रा. आणि लॅकर रंग पावसाळ्यात मारू नका. साताऱ्याच्या जुलैमध्ये हवेतलं पाणी रंगात शिरतं आणि वर पांढरट ढग येतो. मी चेन आणि जोडणी पावसाळ्यात केली, रंग गणपतीनंतर.

मग आली माती. चिखल दाखवायला बाजारात तयार बाटल्या मिळतात, पण त्यांचे रंग युरोपच्या मातीचे. आपल्याकडे कासच्या पठारावर जांभ्याची लाल माती, कृष्णाकाठी काळी, मध्ये सगळीकडे मुरूम. कुठली लावायची त्यावर मशीन कुठे उभं आहे ते ठरतं. माती उन्हात वाळवा, खलात कुटा, आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून दोनदा गाळा. १:३५ मध्ये साध्या चाळणीतून आलेला खडा नारळाएवढा दिसतो.

हे गाळणं साताऱ्याच्या घरात चाललं होतं आणि साडी आजीची होती. आजीचं माहेर धरणात गेलं. नानांनी काम केलं ते धरण नव्हे, दुसरं. पण तिच्या लेखी मशीन ते मशीन. नानांचा डोझरवर बसलेला एक फोटो आहे, तो तिनं भिंतीवर कधी लावू दिला नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलं की तिच्या गावचं जुनं जोतं आणि देवळाचा चौथरा उघडा पडतो. माझा मामेभाऊ गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेला होता आणि येताना पिशवीभर माती घेऊन आला होता. आजीनं ती तुळशीत न घालता डब्यात ठेवली होती. माझं काम बघून तिनं तो डबा आणून समोर ठेवला.

मी विचारलं, "आजी, ही वापरू?"

"वापर की. पर चेनला लावायची न्हाय."

नानांना ऐकू आलं नव्हतं. मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरोबर हाय तिचं. मुरूम लाव."

त्यामुळे आता बेसचे दोन भाग आहेत. वीस बाय पंधरा सेंटिमीटरची लाकडी पाटी, तिच्या एका बाजूला मुरूम, त्यावर मशीन, चेनवर मुरमाचाच धुरळा. दुसऱ्या बाजूला बांध घातलेलं छोटं वावर, त्यात आजीची माती, पातळ फेविकॉलच्या पाण्यानं धरलेली. आजीनं मोजून सांगितलं होतं की बांधाला एक आंबा हवा, तो तांब्याच्या तारेचा केलाय. माझ्या आराखड्यात मशीनचं तोंड वावराकडे होतं, म्हणजे फोटोत बरं आलं असतं. तिनं ते हातानं उचलून फिरवलं. आता पातं पाटीच्या कडेकडे आहे आणि वावराकडे मशीनची पाठ.

नानांचं अजून एकच म्हणणं बाकी आहे. डाव्या चेनचा झोळ उजवीपेक्षा थोडा जास्त दिसतो, म्हणे. मी पट्टी लावून बघितलं, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. पण ते म्हणाले की राहू दे, डावी नेहमी जास्त सैल व्हायची, आमचं वळण त्या बाजूला होतं.

काचेचं झाकण अजून बसवलेलं नाही. फेविकॉलचं पाणी पूर्ण सुकायला आठवडा तरी जातो, त्याआधी झाकलं तर आत बुरशी धरते. फोटो त्यानंतर टाकतो. पुढच्या भागात हा पितळी पत्रा नखानं न वाकवता सरळ कसा वाकवायचा ते, कारण त्यावरच सगळ्यात जास्त व्हॉइस नोट आल्यात.